कापीव लोखंडी कामाचे दरपत्रक कसे मागवावे

आपल्या जयेंद्रगंजातील वास्तूच्या दर्शनी व्हरांड्यास जो नवा लोखंडी कठडा बसला आहे, तो महोत्सवास येणाऱ्या सभासद बंधुभगिनींनी पाहिलाच असेल. जुना लाकडी कठडा वाळवीने पोखरला होता. नवा कठडा सुबक झाला, असे पुष्कळांनी आम्हांस सांगितले. परंतु तो होण्यापूर्वी बांधकाम उपसमितीची म्हणजे आम्हा तिघांची जी फजिती झाली, ती फार थोड्यांस ठाऊक आहे. स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहून द्यावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा ही फजितीच लिहावी असे आम्ही ठरविले. आजकाल घराचे फाटक, खिडकीची जाळी, देवघराचा दरवाजा, दुकानाची पाटी अशी कामे यंत्रावर पत्रा कापून करून घेण्याची चाल पडली आहे. आपल्यापैकी प्रत्येकावर केव्हा ना केव्हा कारखानदाराकडून दर मागविण्याची पाळी येणारच.

कल्पना अशी होती की, आपल्या शहराची शोभा असलेल्या महंमद घौस यांच्या कबरीतील दगडी जाळ्यांच्या धर्तीवर पोलादी पत्र्यात नक्षी कापून घ्यावी. त्या जाळ्या सोळाव्या शतकातल्या. तानसेनाच्या समाधीवर जाणाऱ्या प्रत्येकाने त्या पाहिलेल्या असतात आणि त्यांतून येणारा उन्हाचा कवडसाही अनुभवलेला असतो. एका काकूंनी आपल्या दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ या कामासाठी देणगी दिली होती. रक्कम ठरलेली, काम ठरलेले; उरले ते केवळ दर मागविणे, असे आम्ही समजून चाललो.

आमचे पहिले पत्र चार ओळींचे होते. "व्हरांड्यास कठडा करावयाचा आहे. सुमारे ३ बाय ४ फुटांच्या ११ जाळ्या, जाडी ३, नक्षी सोबतच्या फोटोप्रमाणे. वाजवी दर कळवावा." हे पत्र आम्ही चार ठिकाणी धाडले: दोन शहरातील वर्कशॉपे, एक महाराजपुऱ्याचे आणि एक मालनपूरच्या बाजूचे. एकाने उत्तरच दिले नाही. उरलेल्या तिघांपैकी एकाने किलोचा दर दिला, दुसऱ्याने चौरस फुटाचा, आणि तिसऱ्याने प्रत्येक जाळीची नगावर एकरकमी किंमत सांगितली. ती नगाची किंमत तेवढी आम्हांस समजली, म्हणून तीच खरी मानली. हिशेब करता काकूंची देणगी तिच्या निम्म्यासही पुरेना. उरलेले दोघे काहीतरी लपवीत असावेत, असा तर्कही आम्ही मोठ्या शहाणपणाने केला.

त्यानंतर आम्ही काकूंकडे गेलो आणि रक्कम कमी पडते असे सांगून आलो. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं करू. त्यांचं नाव लागायचं, तर काम चांगलं व्हायला हवं." दुसऱ्या दिवशी कळले की, त्यांनी बँकेतील मुदतठेव मोडण्याचा अर्ज भरून ठेवला होता.

ती ठेव वाचली ती आपल्याच एका वयोवृद्ध सभासदामुळे. जे. सी. मिल चालू असताना तिच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटरचे काम केले होते. आमचे पत्र त्यांनी एकदाच वाचले आणि विचारले, "जाडी तीन लिहिलीत. तीन काय?" आम्ही म्हणालो, अर्थात मिलिमीटर. ते म्हणाले, "तुम्ही वर फूट लिहिलेत. फुटाच्या पत्रात तीन म्हणजे तीन सूत." आठ सुतांचा एक इंच, तेव्हा तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ज्या कारखानदाराने नगाची किंमत कळविली होती, त्याने आमच्या कठड्यास किल्ल्याच्या दरवाजास शोभेल असा पत्रा धरला होता. त्याच्याकडे विचारणा करता तसेच निघाले. त्याची काहीच चूक नव्हती.

दशमान मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. तरी आमच्या लोहिया बाजारात आजही पट्टी सुतात, पत्रा गेजमध्ये आणि पाइप इंचात मागितला जातो. यात वाईट काही नाही. मात्र लेखी पत्रात एकच माप वापरावे आणि ते मिलिमीटर असावे. गेज तर मुळीच लिहू नये. ब्रिटिश मापाचा १६ गेज पत्रा सुमारे १.६३ मिलिमीटर भरतो, तर अमेरिकन मापाचा १६ गेज पत्रा १.५ च्या आसपास. शिवाय गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्या माणसाच्या ध्यानातही येत नाही.

आता त्या किलोच्या दराविषयी. 'अमुक रुपये किलो' हा दर ऐकावयास सोपा, पण तो कोणत्या किलोचा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा, एक मिलिमीटर जाडीचा, ७.८५ किलो भरतो. हा एक आकडा प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा. तीन मिलिमीटरचा चौरस मीटर म्हणजे साडेतेवीस किलोंहून थोडा अधिक. आमच्या जाळ्या नीट मोजल्यावर ९०० बाय १२०० मिलिमीटर निघाल्या. एकीचे क्षेत्रफळ १.०८ चौरस मीटर, वजन सुमारे साडेपंचवीस किलो. अकरांचे मिळून २८० किलो. पण हे झाले भोके पाडण्यापूर्वीचे वजन. नक्षीत एक-तृतीयांश पत्रा निघून गेला, तर हातात येणारा माल भरतो सुमारे १८७ किलो. आणि कारखानदार जो पत्रा बाजारातून आणतो, त्याचे वजन आणखी निराळे. पत्रा बहुधा २५०० बाय १२५० मिलिमीटरच्या मापात येतो. अशा एका पत्र्यात आमच्या दोनच जाळ्या बसत होत्या. म्हणजे अकरा जाळ्यांस सहा पत्रे, एकूण सुमारे ४४२ किलो. तेव्हा ४४२, २८० आणि १८७ असे तीन प्रकारचे किलो झाले, आणि दर मात्र एकच. ज्याचा दर सर्वांत कमी तो सर्वांत महाग पडण्याचा संभव येथे उघड आहे.

याच हिशेबातून एक लाभ आमच्या पदरात पडला, तो सांगितलाच पाहिजे. सहा पत्रे घेऊन जवळजवळ एक-तृतीयांश लोखंड भंगारात जाणार, हे पाहून आम्ही कागदावर चौकोन मांडून पाहिले. जाळीची रुंदी ९०० ऐवजी ८२० केली, तर एका पत्र्यात तीन जाळ्या बसतात. तिन्हींची मिळून रुंदी २४६०, आणि मध्ये व कडेला कापण्यापुरती ४० मिलिमीटर जागा उरते. कठड्याची एकंदर लांबी ९ मीटर ९० सेंटिमीटर. तीत अकराऐवजी बारा जाळ्या बसवाव्या लागल्या, पण सहा पत्र्यांचे काम चार पत्र्यांत झाले. सुमारे १४७ किलो लोखंड वाचले. बारा जाळ्या ओळीने मांडल्यावर जे ६० मिलिमीटर उरतात, ते जोडांच्या फटींत वाटले. ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि पौषातील थंडी यांचा विचार करता या फटी हव्यातच. दहा मीटर पोलाद चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर लांबते; फट नसेल तर कठडा फुगतो किंवा भिंतीतील खुंटी उखडतो. तेव्हा दर मागविताना 'बाहेरच्या मापात थोडा बदल चालेल काय' याचे उत्तर आपणच पत्रात द्यावे. कारखानदारास आपला पत्रा कसा मांडावा ते ठाऊक असते. आपण मुभा दिली नाही, तर तो बापडा मुकाट्याने सहा पत्रे लावतो आणि सहांचे बिल करतो.

यानंतरचा प्रश्न नक्षीचा. आमचा समज असा की नक्षी बारीक तेवढी सुंदर. परंतु यंत्रावरील कामाची किंमत मुख्यत्वे दोन गोष्टींवर ठरते: कापाची एकंदर लांबी किती, आणि पत्र्यास आरपार भोक पाडून कापास आरंभ किती वेळा करावा लागतो. तीस मिलिमीटर व्यासाची ४०० भोके एका जाळीत पाडली, तर सुमारे ३८ मीटर कापावे लागते. साठ मिलिमीटरची १०० भोके पाडली, तर उघडी जागा अगदी तितकीच राहते, पण काप १९ मीटरांचा होतो आणि आरंभ ४०० ऐवजी १००. प्रकाश तितकाच, वारा तितकाच, मजुरी मात्र खूपच कमी. घौस यांच्या कबरीवरील कारागीर हातात छिन्नी घेऊन बसला होता. काम चालू असता त्यास एखादे पान वाढविता आले असेल, एखादा कोन सोडता आला असेल. यंत्रास तसा विचार नाही. जेवढ्या रेघा काढून द्याल, तेवढ्या ते कापते आणि तेवढ्यांचे पैसे लागतात. आम्ही मधला मार्ग स्वीकारला. षट्कोनाची मूळ ठेवण ठेवली, आतील बारीक पाकळ्या गाळल्या. भोक १०० मिलिमीटरपेक्षा लहान ठेवण्याची बांधकामातील जी प्रथा आहे, तीही सांभाळली, कारण कठड्याशी मुले खेळणार आणि मुलांची डोकी कोठे जातील याचा नेम नाही.

फोटोवरून कोणासही खरा दर देता येत नाही. आमच्या फोटोत मापाची पट्टीसुद्धा नव्हती. आराखडा काढून द्यावा लागतो, आणि तो संगणकावर रेघांच्या स्वरूपात असावा. 'डीएक्सएफ' नावाच्या फाइलचा या कामात सर्वत्र उपयोग होतो. आपल्याच एका सभासदाच्या कन्येने, जी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे, तो आराखडा चार संध्याकाळी बसून काढून दिला. त्या फाइलमध्ये रेघ १२०० लांबीची आहे एवढेच कळते; १२०० इंच की मिलिमीटर, हे कित्येकदा कळत नाही, आणि चुकीच्या समजुतीने वस्तू २५.४ पट लहान किंवा मोठी होते. म्हणून फाइलबरोबर सर्व मापे लिहिलेला एक छापील नकाशाही द्यावा, आणि दोहोंत फरक आढळल्यास कोणता प्रमाण मानावा ते लिहावे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे १८,०३८ तुकडे कारखान्यात कापून, भोके पाडून मगच जागेवर नेले होते, आणि मनोरा १८८९ साली उभा राहिला. तेथे प्रत्येक तुकड्याचा नकाशा होता. आपल्या बारा जाळ्यांस एक नकाशा काढण्याचा कंटाळा करण्याचे कारण नव्हते, पण आम्ही केला होता.

माप घेण्याविषयी दोन शब्द. जुन्या वास्तूत काटकोन शोधू नये. व्हरांड्याची लांबी आम्ही वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली आणि तीन उत्तरे आली. फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला, त्यामुळे एका टोकास उंची कमी. सर्वांत लहान माप धरावे आणि उरलेली फट चौकटीने झाकावी, हे त्या फिटर काकांनी सांगितले. जाळी जेथे बोल्टने बसते, तेथील भोके मात्र अचूक हवीत. तेथे दहा मिलिमीटरच्या बोल्टास बारा मिलिमीटरचे भोक ठेवून आम्ही स्वतःस थोडी सवड दिली.

मापात किती फरक चालेल, हेही लिहावे लागते. एकही दशांश चालणार नाही असे लिहिणारा गृहस्थ घड्याळाचे भाव देऊन फाटक घेतो. मापातील सर्वसाधारण फरकासाठी भारतीय मानक २१०२ आहे. त्याच्या मध्यम वर्गाप्रमाणे ४०० ते १००० मिलिमीटरच्या मापात ०.८, आणि त्यापुढे २००० पर्यंत १.२ मिलिमीटर इकडेतिकडे चालते. कठड्यास एवढी अचूकता पुष्कळ झाली.

कापण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांची नावे ऐकून घाबरून जाऊ नये. सरळ पट्ट्या कात्रीच्या यंत्रावर होतात आणि ते सर्वांत स्वस्त. जाड पोलाद गॅसने कापतात. तापलेले लोखंड प्राणवायूत जळते, हेच त्या कापण्याचे मर्म; म्हणूनच स्टेनलेस पोलाद आणि ॲल्युमिनियम त्या रीतीने कापत नाही. त्यांवर ऑक्साइडचा जो चिवट थर येतो, तो ज्वाळेस पुढे जाऊ देत नाही. प्लाझ्मा कोणताही वीजवाहक धातू कापतो, पण काप रुंद येतो आणि कड थोडी तिरपी होते. लेसरचा काप केसासारखा बारीक. लेसरबरोबर प्राणवायूचा झोत सोडून पोलादी पत्रा कापण्याचा पहिला प्रयोग १९६७ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग-संशोधन संस्थेत पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी केला. पत्रा होता अवघ्या एक मिलिमीटरचा. आज ते यंत्र लहान शहरांतूनही पोहोचले आहे. पाण्याच्या प्रचंड दाबाने कापण्याचीही रीत आहे. तीत धातू तापत नाही आणि दगडसुद्धा कापला जातो, पण सावकाश. आमच्या तीन मिलिमीटरच्या नक्षीस लेसर हेच योग्य होते. सभासदांनी पत्रात पद्धत सुचवावी, परंतु हट्ट धरू नये. 'याहून सोयीची पद्धत असल्यास तीही दरासह कळवावी' असे लिहावे.

लेसरच्या बाबतीत मात्र एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा. साधे पोलाद प्राणवायूने कापले की कडेवर काळसर ऑक्साइडचा थर राहतो. तो न काढता रंग दिला, तर काही महिन्यांत कडेवरून रंगाची पापुद्री सुटू लागते आणि तेथूनच गंज शिरतो. नायट्रोजनने कापल्यास कड स्वच्छ येते, पण खर्च वाढतो. दोहोंपैकी काय हवे ते लिहावे, नाहीतर 'रंगापूर्वी कडा घासून थर काढावा' असे तरी लिहावे. आम्ही दुसरे लिहिले. कडेस राहणारी बारीक धारही काढून घ्यावी. मुलांचे हात कठड्यावरूनच फिरतात.

धातूची जात स्पष्ट लिहिणे हे ओघानेच आले. नुसते 'स्टील' लिहिल्यास एकजण साधे पोलाद धरील, दुसरा स्टेनलेस. साध्या बांधकामी पोलादास भारतीय मानक २०६२ आहे. स्टेनलेसमध्ये ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ जातीत निकेल कमी, म्हणून ती स्वस्त. दोन्ही दिसावयास सारखीच, आणि लोहचुंबक लावून त्यांतील भेद ओळखू येतो ही समजूत खरी नाही. कारखान्याचे परीक्षणपत्र मागावे, हाच मार्ग. आमच्या कोरड्या हवेत साध्या पोलादास चांगला रंग पुरेसा आहे असे आमचे मत पडले. स्टेनलेसच्या चकाकीपेक्षा ते जुन्या वास्तूस शोभतेही अधिक. यावर उपसमितीत दोन तास वाद झाला होता, तो येथे देत नाही.

एवढे सगळे शिकल्यावर दुसरे पत्र लिहिले. त्याचा मुख्य भाग सभासदांस नमुना म्हणून उपयोगी पडेल.

"सोबतच्या नकाशाप्रमाणे व फाइलप्रमाणे (सर्व मापे मिलिमीटरमध्ये, दोहोंत फरक आढळल्यास छापील नकाशा प्रमाण) कठड्याच्या १२ जाळ्या करून हव्या आहेत. प्रत्येकी ८२० × १२००, साधे पोलाद, भारतीय मानक २०६२, जाडी ३ मिलिमीटर. पत्रा आपण आणावयाचा. उरलेले भंगार आपले, व त्याची वजावट दरात धरलेली असावी. लेसरने कापणे अपेक्षित आहे. कडा घासून धार व काळा थर काढावा, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंस काळ्या रंगाचे पावडर कोटिंग करावे. बाहेरच्या मापात एक मिलिमीटर कमीअधिक चालेल. प्रथम एक जाळी नमुन्यादाखल द्यावी. ती पसंत पडल्यावर उरलेल्या अकरा करावयाच्या. दर कळविताना पत्रा, कापणी, घासणे, रंग आणि जयेंद्रगंजपर्यंतची वाहतूक यांचे आकडे निरनिराळे द्यावेत. जीएसटी धरला आहे की वेगळा, दर किती दिवस कायम राहील, नमुना किती दिवसांत व उरलेले काम किती दिवसांत मिळेल, आणि आगाऊ रक्कम किती लागेल, हे कळवावे. नकाशात काही अडचण वा सुधारणा सुचत असल्यास जरूर लिहावे. जागा पाहावयाची असल्यास सायंकाळी कार्यालय उघडे असते."

शेवटून दुसऱ्या वाक्याचा लाभ आम्हांस लगेच मिळाला. एका कारखानदाराने लिहिले की, दोन भोकांमधील पट्टी काही ठिकाणी फार अरुंद आहे, तापाने पत्रा वाकेल. रेघा थोड्या हलवून पट्टी रुंद केली. जो दर देण्यापूर्वी चूक दाखवितो, त्याला काम समजले आहे असे मानण्यास हरकत नाही.

यावेळी चौघांचीही उत्तरे आली, पहिल्या वेळी गप्प राहिलेल्याचेही. पुढे भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "पहिल्या चिठ्ठीवर काय लिहिणार होतो, साहेब?" आम्ही मोठ्या कागदावर तक्ता आखला, एकेका घराचा आकडा एकेका रकान्यात मांडला आणि दर प्रथमच एकमेकांशेजारी उभे राहिले. सर्वांत कमी दर ज्याचा होता, त्याने वाहतूक धरली नव्हती आणि रंग एकाच बाजूस धरला होता. ते मिळविल्यावर तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. प्रत्यक्ष आकडे मुद्दामच देत नाही. लोखंडाचा भाव महिन्याला बदलतो आणि आजचा आकडा उद्या कोणाची दिशाभूल करील. एवढे सांगतो की, काकूंच्या देणगीत कठडा पूर्ण झाला आणि थोडे पैसे उरले. ठेव मोडण्याचा अर्ज त्यांनी आमच्यासमोरच फाडला आणि आम्हांस चहा दिला. आम्ही त्यांची क्षमा मागितली, ती त्यांनी हसण्यावारी नेली. आमच्या मनातून मात्र ती गोष्ट अजून जात नाही.

न्यासाच्या कामात तक्ता, चारही दरपत्रके आणि निवडीचे कारण लिहिलेला ठराव एकत्र ठेवावा लागतो. मध्यप्रदेश लोकन्यास अधिनियम १९५१ सालापासून आहे आणि हिशेबतपासनीस कागद मागतो. घरच्या कामास ठरावाची गरज नाही, पण बिल पक्के घ्यावे आणि नमुना पाहिल्याशिवाय सर्व माल कापू देऊ नये.

नमुन्याचे महत्त्व ज्या प्रसंगाने पटले, तो कठड्याचा नव्हे, पाटीचा. उरलेल्या पैशांतून मुलांच्या वाचनालयास पाटी करावी असे ठरले. पत्र्यात 'बालवाचनालय' ही अक्षरे आरपार कापावयाची आणि मागून दिवा लावावयाचा. फाइल दिली, पाटी आली, आणि पाहतो तो 'ब' आणि 'व' दोन्ही अगदी सारखे दिसत होते! अक्षरे आरपार कापली की त्यांच्या पोटातील बंद जागा, जिला चहूकडून काप असतो, ती सुटून खाली पडते. इंग्रजीत हे 'ओ' किंवा 'ए' अशा मोजक्या अक्षरांत घडते. आपल्या लिपीत मात्र शिरोरेघ असल्यामुळे 'प', 'ष', 'म' यांचीसुद्धा पोटे बंद होतात, आणि 'ब'ची तिरपी रेघ तर पोटाबरोबरच नाहीशी होते. उपाय सोपा आहे: प्रत्येक बंद पोटास शेजारच्या पत्र्याशी जोडणारा एक लहान पूल ठेवावा, निदान पत्र्याच्या जाडीइतका रुंद. आम्ही दुसऱ्या पाटीत चार मिलिमीटरचे पूल ठेवले. ज्यांना उलट पद्धतीने, म्हणजे अक्षरेच पत्र्याची कापून भिंतीवर लावावयाची असतील, त्यांनी अनुस्वाराकडे लक्ष द्यावे. तो अक्षरापासून सुटा असतो; त्याला जोड दिला नाही, तर तो वेगळा तुकडा होऊन डब्यात येतो आणि बहुधा हरवतो. आणखी एक: फाइलमधील मजकूर अक्षरांच्या स्वरूपात न ठेवता त्याच्या रेघा करून द्यावा. कारखान्याच्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसतो, आणि मग जे छापून येते ते कोणत्याच भाषेत नसते.

या पाटीचा खर्च आम्ही तिघांनी आपसांत वाटून घेतला, कारण चूक आमचीच होती. कारखानदाराने दिले तसे कापले. ती पहिली पाटी कार्यालयातील कपाटाच्या वर ठेवली आहे. दोन्ही पत्रे, तक्ता आणि नकाशाची प्रतही त्याच कपाटात आहे. ज्या सभासदांस घरच्या कामासाठी नमुना हवा असेल, त्यांनी सायंकाळच्या वेळी येऊन उतरून घ्यावा. मूळ कागद मात्र बाहेर नेण्यास मिळणार नाहीत.